जुनी गाडी पीयूसीत नापास झाली? आधी पावतीवरचे आकडे वाचा

पीयूसी केंद्रावर जुनी गाडी नापास झाली की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘पलीकडच्या केंद्रावर जा, तिथे होऊन जाईल.’ दुसरा, ‘कॅट गेलाय, बदलून टाका.’ पहिला बेकायदा आहे आणि दुसरा बऱ्याचदा चुकीचा. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले घातक वायू निवळवणारा महागडा भाग. तो बदलूनही गाडी पुन्हा नापास झालेली मी पाहिली आहे, कारण त्याला मारणारा मूळ दोष इंजिनात तसाच राहिला होता.

हा दोष शोधायला फारशी हत्यारं लागत नाहीत. यंत्राने गाडीच्या धुराचे चार आकडे मोजलेले असतात: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन. कायद्याची मर्यादा पहिल्या दोनांना आहे, पण निदान करायचं तर चारही लागतात. नापास गाडीला कारणासह रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद २०२१ पासून आहे. ती मागून घ्या. तिच्यावर चारही आकडे नसतील, तर केंद्रचालकाला सांगून पडद्यावरचे वहीत उतरवून घ्या किंवा फोटो काढा. त्याशिवाय गॅरेजची पायरी चढू नका.

तुमच्या गाडीला मर्यादा कोणती?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ मध्ये या मर्यादा दिल्या आहेत. भारत स्टेज (सरकारी प्रदूषण मानकांचा टप्पा) दोनच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत इतके भाग) चालतं. स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. स्टेज चारला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. शिवाय स्टेज चारच्या गाड्यांचं इंजिन २,५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास धरून आणखी एक चाचणी होते. तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत लागतो आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधन प्रमाणाचा आकडा, सर्वसाधारणपणे ०.९७ ते १.०३ मध्ये बसावा लागतो.

नुसतं गाडीचं साल पाहून मर्यादा ठरवू नका. स्टेज चार एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत आलं, देशभर ते एप्रिल २०१७ मध्ये लागू झालं. त्यामुळे २०१२ सालच्या दोन गाड्यांपैकी पुण्यात नोंदलेली स्टेज चारची आणि दुसऱ्या जिल्ह्यातली स्टेज तीनची असू शकते. आरसीवर कोणती नोंद आहे आणि केंद्राच्या यंत्रात कोणती पकडली गेली, हे दोन्ही ताडून पाहा. सीएनजी गाडी असेल तर यंत्रात इंधनही सीएनजीच निवडलेलं हवं. सीएनजीच्या धुरात न जळलेला मिथेन असतो आणि नियमात तो वगळून हिशेब होतो. चुकून पेट्रोल निवडलं गेलं तर चांगली गाडीही नापास दिसेल.

चाचणी धड झाली होती का?

दुरुस्तीला हात घालण्याआधी एवढं नक्की करा. इंजिन पूर्ण गरम हवं. सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या केंद्रापर्यंत नेलेली गाडी गरम होत नाही, पंधरा-वीस मिनिटं नीट चालवून आणावी लागते. कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे कामाला लागतो आणि रांगेत आयडलवर उभ्या राहिलेल्या गाडीत तो पुन्हा थंड होतो. म्हणून नळी लावण्याआधी दोन-तीन मिनिटं २,५०० आरपीएमला रेस धरा. एसी, दिवे, पंखा बंद. चोक असेल तर पूर्ण आत. नळी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटीमीटर गेली पाहिजे. शेपटाशी नुसती टेकवली तर बाहेरची हवा मिसळते.

हवा मिसळली की नाही, हे आकडेच सांगतात. पेट्रोल इंजिनाच्या खऱ्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्के असतो. तो ८ दिसत असेल आणि ऑक्सिजनही तेवढाच असेल, तर तो धूर नुसता नाही, हवेत कालवलेला आहे. एक तर नळी नीट बसलेली नाही किंवा सायलेन्सर कुठेतरी फुटला आहे. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने सायलेन्सर लवकर गंजतो, तेव्हा तिथल्या गाड्यांत हे आधी तपासा. अशा नमुन्यात कार्बन मोनॉक्साइड कमी दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

चार आकडे एकत्र काय सांगतात

कॅट असलेली निरोगी इंजेक्शन गाडी गरम असताना साधारण अशी दिसते: कार्बन डायऑक्साइड १४ टक्क्यांच्या वर, ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आत, कार्बन मोनॉक्साइड शून्याजवळ, हायड्रोकार्बन दोन आकडी. कॅट नसलेली, कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाची), पण सूर जुळलेली जुनी मारुती ८०० असेल तर कार्बन मोनॉक्साइड एक-दोन टक्के, हायड्रोकार्बन दोन-तीनशे, कार्बन डायऑक्साइड १२-१३. आता तुमचे आकडे याच्या शेजारी ठेवा.

कार्बन मोनॉक्साइड खूप आणि ऑक्सिजन जवळपास शून्य, म्हणजे मिश्रण रिच आहे. पेट्रोल जास्त, हवा कमी. मिश्रण बरोबर किंवा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल तर हा वायू एवढा तयारच होत नाही, म्हणून हा आकडा वाढला की प्लग आणि करंटच्या (ठिणगीच्या विजेच्या) मागे लागून उपयोग नाही.

हायड्रोकार्बन खूप, ऑक्सिजनही वाढलेला आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र कमी, तर एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतच नाही, म्हणजे मिसफायर आहे. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोघंही जोडीने बाहेर येतात. करंट, हवा ओढणारी गळती किंवा वाल्व, यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे.

कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही वाढलेले आणि ऑक्सिजन तळाशी असेल तर मिश्रण इतकं रिच आहे की प्लगच ओले होताहेत. दोन्ही वाढलेले आणि ऑक्सिजनही उरलेला असेल तर मिसफायर तरी आहे किंवा कॅट काम करत नाही. तिथे आधी मिसफायर निकालात काढा.

आणखी एक तुलना फार उपयोगी पडते. स्टेज कोणतंही असो, केंद्रचालकाला आयडलचे आणि २,५०० आरपीएमचे असे दोन्ही आकडे घ्यायला सांगा. आयडलवर वाईट आणि रेस दिल्यावर सुधारणारी गाडी बहुधा कुठूनतरी हवा ओढत असते, किंवा तिचं आयडल सर्किट बिघडलेलं असतं. आयडलवर ठीक आणि रेसला बिघडणारी गाडी एअर फिल्टर, मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र), इंधनाचा दाब किंवा कॅटकडे बोट दाखवते.

रिच गाडी: या क्रमाने जा

एअर फिल्टर काढून तसाच रेस देऊन पाहा. कार्बन मोनॉक्साइड लक्षात येण्याइतका उतरला तर नवा फिल्टर, विषय संपला. पुढे इंजिन ऑइल. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरत राहतं आणि त्याची वाफ ब्रीदरच्या (ऑइलची वाफ वाहून नेणाऱ्या) नळीतून परत इंजिनात जाते. ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा वास येतो का पाहा. ब्रीदरची नळी इनटेकच्या बाजूने तात्पुरती काढून ते तोंड बंद करा. आकडा उतरला तर ऑइल बदला.

यानंतर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), आणि इथे मी थोडा थांबणार आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायची जुनी सवय आहे. मालकाला बऱ्याचदा याचा पत्ताही नसतो. इंजेक्शन गाडीत इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, कूलंट सेन्सरवर भरवसा ठेवून पेट्रोल मोजतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन ठरल्या तापमानाला पोचत नाही, इसीयू त्याला थंडच समजतो आणि जास्त पेट्रोल देत राहतो. मायलेज पडतं, प्लग काळे होतात, पीयूसी नापास होते, आणि वर्षानुवर्षं गाडी ‘जुनी झाली’ म्हणून दोष गाडीवर ढकलला जातो. तपासणी सोपी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. ती काही मिनिटं गार राहून मग एकदम गरम व्हायला हवी. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा तिथे नाहीच. कॅटच्या तुलनेत त्याची किंमत अगदी नगण्य आहे.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर कूलंट सेन्सर मल्टिमीटरवर मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना तो साधारण दोन ते तीन हजार ओहम दाखवतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. गरम इंजिनावरही हजारांत दिसला तर दोषी सापडला. पुढची पायरी फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची. व्हॅक्यूमची नळी जोडलेला रेग्युलेटर असेल तर ती नळी काढून आत पेट्रोल आहे का पाहा. एक थेंबही दिसला तर आतला पडदा फाटला आहे. पेट्रोलच्या वाफेच्या कॅनिस्टरकडून येणारी नळी चिमटीत धरून आकडा उतरतो का, हेही पाहता येतं.

मग ऑक्सिजन सेन्सर. जुन्या भारतीय इंजेक्शन गाड्यांवर बाजारातला स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा बोलत नाही. ओबीडीची (गाडीतल्या स्व-निदान यंत्रणेची) सक्ती स्टेज चारच्या सोबत आली आणि तिचा दुसरा टप्पा २०१३ चा आहे. पण डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गरम इंजिनावर, कनेक्टर न काढता, सिग्नलच्या तारेवर व्होल्टेज पाहा. नेहमीच्या सेन्सरवर ते ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत खालीवर व्हायला हवं. एकाच जागी अडकलं असेल तर लगेच सेन्सर बदलू नका, आधी त्याला डिवचा. एखादी व्हॅक्यूम नळी क्षणभर काढली की व्होल्टेज पडलं पाहिजे, एअर क्लीनरचं तोंड थोडं झाकलं की ०.८ च्या वर चढलं पाहिजे. तसं झालं तर सेन्सर जिवंत आहे आणि तो खरं सांगतो आहे.

सायलेन्सरची गळती सेन्सरच्या आधी, मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या फाट्याच्या) पॅकिंगजवळ असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती लीन वाटते, इसीयू आणखी पेट्रोल ओततो आणि गाडी खरोखर रिच होते. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाला जाड फडकं क्षणभर दाबा, गळतीतून फुसफुस ऐकू येईल.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी

आधी चोकची झडप गरम इंजिनावर पूर्ण उघडते का पाहा, मग फ्लोटची पातळी आणि सुई. सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल वर चढतं आणि मिश्रण सगळीकडेच रिच होतं. हे न तपासता मिश्रणाचा स्क्रू फिरवणं म्हणजे वेळ घालवणं.

स्क्रू लावायचा तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि आयडल आरपीएम आधी बरोबर करा. गरम इंजिनावर तो हळूहळू आत फिरवा. इंजिन मंदावायला लागलं की बाहेर घेत सर्वांत गुळगुळीत, चढत्या आरपीएमवर आणा आणि मग किंचित आत. स्क्रू पूर्ण बंद करूनही इंजिनावर परिणाम झाला नाही, तर पेट्रोल आयडल सर्किट सोडून दुसरीकडून येतं आहे. बहुधा थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू जास्त आत गेलेला असतो.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचाही विचार करावा लागतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं लीन होतं. कार्बन मोनॉक्साइड त्यामुळे कमीच होईल, पण आधीच लीन असलेली गाडी मिसफायर करून हायड्रोकार्बन वाढवू शकते. इथेनॉल टाकीत साचलेला मळही सोडवतं आणि तो पायलट जेटमध्ये (आयडलच्या बारीक छिद्रात) येऊन अडकतो. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा त्यात फुगतात, तडकतात. पेट्रोलचा वास आला की टाळाटाळ करू नका, तिथे आगीचा धोका आहे.

हायड्रोकार्बन वाढलाय: करंट, हवा, वाल्व

प्लग काढा आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा. कोरडी काजळी म्हणजे रिच. ओलसर तेलकट म्हणजे रिंगा किंवा वाल्व सील. पांढराफटक म्हणजे लीन. सगळे सारखे दिसत असतील तर दोष सगळ्या इंजिनाचा आहे, एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरचा. गॅप गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. अंधारात बॉनेट उघडून एचटी लीडवर (प्लगला करंट नेणाऱ्या जाड तारांवर) पाण्याचा बारीक फवारा मारला तर फुटलेल्या लीडवर ठिणग्या दिसतात. हात दूर ठेवा. डिस्ट्रिब्युटर असेल तर कॅपच्या आत काळी रेघ किंवा तडा शोधा, विशेषतः पावसाळ्यात. टायमिंग जास्त पुढे ठेवलेलं असेल तरीही हायड्रोकार्बन वाढतो, म्हणून टायमिंग लाइटने पाहा.

दोषी सिलिंडर शोधायला इंजेक्शन गाडीत इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढा. ज्याचा काढल्याने इंजिनाला फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. प्लगची लीड काढून ही तपासणी करू नका. कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅट वितळतो.

हवा कुठून शिरते आहे ते शोधायला इनटेक मॅनिफोल्डच्या जोडांवर आणि नळ्यांवर साबणाचं पाणी थोडं थोडं मारा. आयडल बदलला ती जागा. ब्रेक बूस्टरची जाड नळी चिमटून पाहायला विसरू नका. गॅरेजात यासाठी कार्ब क्लीनर फवारतात, पण तो पेट घेतो. घरी पाणी बरं.

सीएनजीवर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत टॅपेट (वाल्व ढकलणारा भाग) आधी तपासा. सीएनजी कोरडा जळतो, त्यामुळे वाल्वची सीट झिजत जाते, वाल्व वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत होत संपते. मग गरम झाल्यावर वाल्व पूर्ण बंदच होत नाही. अशा इंजिनाचा टॅपेटचा आवाज येत नाही, उलट ते फार शांत वाटतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आयडल थरथरतो, हायड्रोकार्बन चढतो. हायड्रॉलिक टॅपेट नसतील तर सेटिंग करून घ्या, वेळेत केलं तर सिलिंडर हेड वाचतं. त्यानंतरही सुधारणा नसेल तर कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमध्ये एक किलोहून जास्त फरक नसावा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वाल्व.

कॅट शेवटी

वरचं सगळं ठीक असेल तेव्हाच कॅटकडे वळा. आधी तो तिथे आहे का ते पाहा. आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमला भंगारात पैसे मिळतात, त्यामुळे जुन्या गाडीत पोकळ केलेलं कवच मिळणं नवीन नाही. रबरी हातोडीने हलकेच ठोका, आत खुळखुळलं तर जाळी तुटली आहे. मग गरम इंजिन तीन मिनिटं २,५०० आरपीएमला धरून आकडे घ्या. गळती नाही, मिसफायर नाही आणि तरी कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन दोन्ही अर्ध्या टक्क्याच्या वर उरतात? कार्यक्षम कॅटने त्यांची गाठ घालून कार्बन डायऑक्साइड बनवला असता. आता बदला. पण ऑइल जाळणाऱ्या किंवा मिसफायर करणाऱ्या इंजिनावर नवा कॅट बसवू नका, तोही तसाच मरेल.

डिझेल गाडीची गोष्ट वेगळी. तिथे फक्त धुराची घनता मोजतात. स्टेज चारच्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराच्या दाटपणाचं माप) मर्यादा आहे. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, टर्बोच्या होज, मग इंजेक्टर नोझल तपासून घ्या. डिझेल पंपाला शेवटी हात लावा.

हे सगळं करताना इंजिन बंद पार्किंगमध्ये किंवा शटर लावलेल्या गॅरेजात चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि गाडी न नेता मिळालेल्या प्रमाणपत्राने हा वायू कमी होत नाही. तो सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या मुलाच्या नाकात जातो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

दुरुस्ती एका वेळी एकच करा आणि प्रत्येकीनंतर आकडे घ्या. चार-गॅस यंत्र असलेलं एखादं गॅरेज आपल्या ओळखीचं ठेवा. स्टेज चारच्या आधीच्या गाडीचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, स्टेज चार आणि सहाचं एक वर्ष, म्हणून मुदत संपायच्या दोन आठवडे आधी गाडी दाखवा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. गाडी पास झाली तरी चारही आकडे तारखेसह लिहून ठेवा. हायड्रोकार्बन मागच्या वेळी १२० होता आणि या वेळी पास होऊनही ४०० आला असेल, तर प्लग आणि टॅपेट याच महिन्यात बघून घ्या.